मास्तरांची साखर आणि निकानोरा मावशीचं ताट

आमच्या पुंता गार्साच्या किनाऱ्यावर झावळ्यांचे अकरा मांडव आहेत. त्यातल्या दहा ठिकाणी गिऱ्हाईक बसलं की विचारतात, "काय घेणार?" निकानोरा मावशी तसं विचारत नाही. ती कमरेवर हात ठेवून माणसाला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळते आणि वाळू चाळल्यासारख्या आवाजात म्हणते, "भूक लागलीय, की नुसतं बसून कंटाळा आलाय?"

कंटाळा आलाय म्हणणाऱ्याला ती अंबाडीच्या फुलांचं लाल पाणी देते, बिनसाखरेचं, आणि खाडीच्या तोंडापर्यंत चालून यायला सांगते. "परत आल्यावर भूक असली तर माशाला हात लावते. तोवर त्याला बर्फात झोपू दे." शहरातली माणसं आधी चिडतात, मग जातात, आणि परत येऊन असं जेवतात की काट्यावर मांजरालासुद्धा काही उरत नाही.

पूर्वी ती अशी नव्हती. वीस वर्षं तिनं तळण काढलं. तळलेला मासा, तळलेली पुरी, तळलेली केळी, वर साय आणि साखर. सगळ्यात जास्त खायचा तिचा थोरला भाऊ मासेदोनियो, आणि तोच तिचा लाडका. साखरेनं त्याचा पाय गुडघ्यापासून गेला, त्याच आठवड्यात मावशीनं तेलाची मोठी कढई उलटी करून कोंबड्यांना बसायला दिली. आता मासेदोनियो मांडवाखाली खुर्चीवर बसून मासे खवलतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "पाय माझा गेला आणि अक्कल हिला आली. कौतुक मात्र सगळे हिचंच करतात!"

तर ईस्टरनंतरच्या आठवड्यात, गर्दी ओसरल्यावर, लिओनहून अबुंदियो मास्तर आले. एकतीस वर्षं शाळेत ट्रम्पेट शिकवलेला माणूस, सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघत होता. लाट आली की हातानं ताल धरायचे. "सावकाश... सावकाश... हं, आता सगळ्यांनी!" बरोबर त्यांची बायको ओतीलियाबाई. बाईंचा जन्म बसस्टँडच्या तिकीट खिडकीत गेला, त्यामुळे घरातही काचेपलीकडून बोलल्यासारखं बोलतात. नाक वर, वाक्य तीन शब्दांचं, आणि शेवटी "पुढचे!"

पहिल्या दिवशी मास्तरांनी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला अख्खा तळलेला मासा, दोन बिअर आणि नारळाच्या तीन वड्या खाल्ल्या. सोमवारी सकाळी बाईंनी मावशीच्या टेबलावरच रक्तातली साखर बघायला त्यांच्या बोटाला सुई टोचली.

"तीनशे बारा," बाई म्हणाल्या. "उद्याची नऊ चाळीसची बस."

"ओती," मास्तर हळूच म्हणाले, "मी अजून घोट्यापर्यंतच गेलोय गं."

"तीनशे बारा."

मावशी चूल फुंकत होती ती उठली. "बाई, बस काय रोजच आहे. गुरुवारपर्यंत यांचं ताट माझ्याकडे द्या. गोळ्या तुमच्या तुम्ही द्या, त्यात मी बोलणार नाही."

"काय घालणार? उकडलेली कोंबडी?"

"उकडलेली कोंबडी आजाऱ्याला. हे सुट्टीवर आलेत."

बाईंनी विचार केला. "गुरुवारी सकाळी आकडा दीडशेच्या वर आला, तर नऊ चाळीसची बस."

"चालेल."

दुपारी मावशीनं तांबोशी पाठीतून चिरून पुस्तकासारखी उघडली, लाल मिरचीचं वाटण आणि लिंबू चोळलं, आणि करवंट्यांच्या निखाऱ्यावर धरली. शेजारी निवडुंगाची भाजलेली कोवळी पानं बशीभर, डावभर घेवड्याची उसळ, अर्धं अ‍ॅव्होकॅडो, आणि मक्याच्या दोनच पोळ्या. मास्तर माशाकडे असे बघत होते जणू कुणी त्यांचा सत्कार करतंय.

"तिसरी पोळी मागायची नाही," मावशी म्हणाली. "मागितलीत तर मासेदोनियोचा पाय दाखवीन."

"पाय कुठला दाखवतेस?" मासेदोनियो ओरडला. "जागा दाखव!"

मंगळवारी आकडा आला एकशे ब्याण्णव. मास्तरांनी सकाळी अंड्यात परतलेला निवडुंग खाल्ला, दुपारी लिंबात आणि हिरव्या मिरचीत मुरवलेली कोळंबी. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणतात, "वा! हा वरचा सूर मला कधी लागला नाही!" जेवून रोज खाडीपर्यंत चालायचं, हा मावशीचा नियम. तोही पाळला.

आणि बुधवारी सकाळी आकडा आला दोनशे सत्तेचाळीस.

बाईंनी यंत्र टेबलावर ठेवलं. "तुम्ही साखर घातलीत. कशात तरी घातलीत."

मावशीला असं आजवर कुणी बोललं नव्हतं. तिनं बाईंना चुलीपाशी नेलं. एकेक भांडं उघडलं आणि बाईंच्या हातात चमचा दिला. उसळ, वाटण, लाल पाणी, सगळं बाईंनी चाखलं. कुठे साखर नाही.

"आईशपथ सांगतो," मास्तर काकुळतीला आले, "मावशींच्या ताटाबाहेर मी घास खाल्लेला नाही!"

मावशीनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "खोटं बोलत नाहीत हे. इतक्या साध्या तोंडाला जमणारच नाही." मग बाईंकडे वळून म्हणाली, "गुरुवार ठरलाय. गुरुवार म्हणजे उद्या."

त्या दुपारी मावशीनं चूल मासेदोनियोवर टाकली. भर जेवणाच्या वेळी ती चुलीपासून हललेली किनाऱ्यानं कधी पाहिली नव्हती. मास्तर चालायला निघाले आणि ती वीस पावलं मागे राहून चालू लागली.

पहिला भेटला चिंचेच्या गोळ्या विकणारा कुको. त्याचा आवाज म्हणजे बोटीचा भोंगा. "या मास्तर! घ्या म्हणत नाही हो, नुसती चाखा!" मास्तरांनी टोपी उचलली आणि गोळी तोंडात टाकली. पुढे माझी आई, केळ्याच्या पावाची टोपली घेऊन. "गरमागरम! एवढा कोपरा, मास्तर. कोपऱ्यात काय असतंय?" टोपी वर, कोपरा आत. मग नारळाची वडी, मग दुधाचा पेढा, मग बर्फाच्या गोळ्यावरचं सरबत. खाडी येईपर्यंत अकरा वेळा टोपी वर गेली.

यात कुणाचं काही चुकत होतं असं आमच्या गावाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं. हातानं पुढे केलेला तुकडा नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारणं. आणि चाखलेलं आमच्याकडे खाल्लेल्यात धरत नाहीत. माझी आई रोज अर्धा पाव चाखते आणि दुपारी घरी येऊन सांगते, "सकाळपासून पोटात कण नाही गं बाई!"

"मास्तर!" मावशीनं गाठलं त्यांना. "हे काय चाललंय?"

"कुठे काय?"

"खाताय!"

"छे छे, चाखतोय. नाही म्हणणं बरं दिसतं का?"

मावशीनं झाडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिला आठवलं, आदल्या संध्याकाळी एका बारशासाठी ती दुधाचा खरवस करत होती, जळक्या साखरेचा. मास्तर चुलीपाशी गप्पा मारत उभे होते. तिनं डाव त्यांच्या तोंडापुढे धरला होता. "गोड झालंय का बघा हो जरा."

वाळूत उभी राहून ती मोठ्यांदा म्हणाली, "बारावी मी."

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. कुणी पाहिलं नव्हतं, मास्तर तर कधीच विसरले होते. मावशी तरातरा चालत परत आली आणि बाईंसमोर उभी राहिली. "साखर मी घातली. डावभर. बाकीची अकरा जणांनी मिळून घातली. तुमचं खरं होतं."

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. तिकीट खिडकीवर असं कबूल करायला कुणी येत नसावं. "मग आता?" एवढंच विचारलं त्यांनी.

मावशीनं सगळ्यांना जमवलं. "उद्यापर्यंत मास्तरांना काही द्यायचं नाही."

"हातात माल, समोरून ओळखीचा माणूस चाललाय, आणि चाख म्हणायचं नाही?" कुको भडकला. "मला काय कुत्रं चावलंय?"

"मला चिक्कू म्हणतील, निकानोरा!" आई म्हणाली. "लिओनपर्यंत नाव जाईल माझं!"

मावशी भांडली नाही. पाट घेऊन बसली, हिकामाचा पांढरा कुरकुरीत कंद सोलला, काकड्या कापल्या, लिंबू पिळलं, मिरची भुरभुरली आणि कागदाचे अकरा कोन भरून एकेकाच्या हातात दिले. "चाखवा. पोटभर चाखवा. पण मास्तर आले की हे."

संध्याकाळी काय थाट! कुको ओरडतोय, "या मास्तर, काकडी! निकानोराची आहे, माझा काही दोष नाही!" आणि माझी आई, मयताला आल्यासारख्या सुरात, "गरमागरम केळ्याचा पाव... तुमच्यासाठी कंद." मास्तर अकरा वेळा टोपी उचलत खाडीपर्यंत गेले आणि अकरा वेळा उचलत परत आले.

गुरुवारी सकाळी कुणी धंदा लावला नाही. सगळे मावशीच्या मांडवात. बाईंनी सुई टोचली, चष्मा लावला, काढून पुसला, पुन्हा लावला.

"एकशे एक्केचाळीस."

कुकोनं भोंगा वाजवला. मास्तर टोपीसकट समुद्राकडे पळाले आणि गळ्यापर्यंत आत गेले. मावशी मात्र लगेच चुलीकडे वळली, कारण निखारे राखेखाली चालले होते.

बाई तिच्या मागोमाग आत गेल्या. "लिओनला समुद्र नाही," त्या म्हणाल्या. आवाजातली काच कुठेतरी गेली होती. "तांबोशी नाही. मी घरी काय करू?"

"निवडुंग आहे ना? घेवडा आहे? मग उभ्या काय राहता? सुरी घ्या, काटे खरवडा."

रविवारपर्यंत ती दोघं राहिली आणि बाई रोज दुपारी पाटावर बसून निवडुंग खरवडत होत्या. बोटांना फडकी गुंडाळलेली. मावशी एकेक पान उजेडात धरून बघायची आणि निम्मी परत त्यांच्या मांडीवर टाकायची.

"ह्यात काटा राहिलाय, बाई. ह्या देठाशी बघा. असं नाही, बोट उलटं फिरवा. हं, आता सापडला."