काचेमागचा मेंढपाळ

नाटक शिकायला मी सांगलीला आले ती आबांच्या मनाविरुद्ध. आबा म्हणजे माझे वडील, जतकडच्या माळावर अजून मेंढरांमागं फिरतात. सोंगं काढायला कॉलेज कशाला लागतंय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्या बाहुल्यांच्या प्रयोगात भर पावसात उभा असलेला मेंढपाळ आहे म्हटल्यावर ती बाहुली मी हट्टानं मागून घेतली. आबांनी एकदा यावं, तिच्यात स्वतःला बघावं, एवढीच माझी हाव.

पोशाखांच्या अभ्यासाला सरांनी आम्हाला साताऱ्याच्या एका संग्रहालयात नेलं. तिथं काचेमागं धनगराचा पुतळा होता. कडक इस्त्रीचं धोतर, कोरा फेटा, आणि खांद्यावर नीट घडी घातलेली घोंगडी.

मी म्हटलं, "सर, आपल्या प्रसंगात पाऊस आहे. पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतात."

"कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही. वडील घेतात."

"घरचं सांगणं हा पुरावा नसतो. समोर दिसतंय ते काढ. आणि डोकं झाकलं तर बाहुलीचा चेहरा कोण बघणार?"

चेहऱ्याचं एक वेळ मी ऐकूनही घेतलं असतं. पण प्लास्टरचा माणूस पुरावा आणि हाडामांसाचा नाही, याचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. सही-शिक्के सगळे सरांच्या हातात. मुकाट्यानं घडीची घोंगडी शिवली.

प्रयोग सांगलीतच, विश्रामबागला झाला. आबा आले, शेवटच्या रांगेत अंग चोरून बसले. आत कुणीतरी पत्रा हलवून पाऊस पाडला. टाळ्या भरपूर पडल्या. अभ्यास किती बारीक केलाय म्हणून सरांची पाठ थोपटायला पाहुणे स्टेजवर चढले.

मी आबांकडे धावले. ते खुशीत होते.

"मेंढरं लय झ्याक केल्यात गं. तू केलीस व्हय?"

"न्हाई आबा. मी माणूस केला."

"त्यो घोंगडं खांद्यावर टाकून पावसात हुबा व्हता, त्यो?"

"व्हय."

"मला वाटलं रानाचा मालक हाय." आबा जरा ओशाळले. "आमचा मानूस आता यील, मग यील म्हनून पडदा पडंस्तवर बघत बसलो बघ."