जमावबंदीची दवंडी

हां, तर भैरू पाचटाचा जाळ करून हलगी शेकत बसला होता आणि फौजदाराचा सांगावा आला, इथवर काल आपण आलो होतो. चाकणच्या अलीकडं, माळवाडीत, दवंडी द्यायचं काम या भैरूचं. हलगी बापाची, हातही बापाचाच. बारसं असो, बैलांची मिरवणूक असो, नाहीतर कुणाची म्हैस हरवलेली असो, गावाला कळायचं ते त्याच्या हलगीनं. हलगीवर टिपरू पडलं की तव्यावरची भाकरी टाकून बाया पळत यायच्या.

साल छप्पन्न. संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटलेला. हमरस्त्यावर कुणी गाड्या अडवल्या, म्हणून गावात पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली.

फौजदार म्हणाला, "जमावबंदी लागलीय. पाच माणसं एका जागी दिसली तर लाठी. जा, चावडीपुढं दवंडी दे."

भैरूला हसू आलं. "सायेब, हलगी वाजली की गाव गोळा व्हतंय. मग पाचाच्या आत ऱ्हायाचं कसं?"

फौजदार काही हसला नाही. "होऊ दे गोळा," एवढंच म्हणाला.

भैरूला यात काहीतरी काळंबेरं दिसलं. पण सरकारी हुकूम! त्यानं वाजवली. गाव आलं. गोजाबाई तर पिठाच्या हातानंच आली. "काय रं भैरू, आज कुनाची म्हस गेली?"

"ऐका हो ऐका, पाच मानसं एका जागी..."

वाक्य पुरं व्हायच्या आत देवळामागून शिट्टी झाली. लाठ्या तिथं आधीच तयार होत्या. पिठाच्या त्या हाताचं हाड मोडलं, तो आवाज भैरूनं ऐकला. हलगीवर वाढलेला कान. आवाज विसरणार कसा? वर मात्र कळवलं गेलं, की बेकायदा जमाव पोलिसांवर चालून आला.

दुसऱ्या दिवशी फौजदार पुन्हा हजर. "आज पलीकडच्या वाडीत वाजवायची. नाहीतर तू आत."

भैरूनं जाळ केला. शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही, हे फौजदारालाही ठाऊक. तो विडी ओढत उभा राहिला. कातडं ताणलं. भैरूनं टिचकी मारून पाहिली, खणखणीत! तरी त्यानं हलगी जाळावरून काढली नाही. कातडं काळं पडलं आणि फाटकन् फुटलं. दोन शिपायांनी दचकून बंदुका सावरल्या.

फौजदारानं त्याचं बखोट धरलं. "कुणाची फूस आहे? कुठल्या बैठकीत ठरलं हे?"

बापाची हलगी जाळात चरचरत होती. भैरू तिच्याकडं बघतच म्हणाला, "बैठक कशी घ्यायची, सायेब? पाच जन जमायला तुमचीच बंदी. म्हनून एकट्यानंच ठरवलं."