आधी चालू प्लगात

सन २०२४, वैशाख संपत आलेला, आंबा उतरून झालेला. चौलच्या नाक्यावर आम्ही चहाला बसतो. मी वायरमन, युसुफ प्लंबर, आणि आमच्या हाताखालून गेलेली चार-पाच माणसं. वायरमनच्या पिशवीच्या तळाशी तारांचे तुकडे साचतात, तसे इथे किस्से साचतात. उपयोग नसतो, टाकवत नाहीत. त्यातला एक किस्सा नऊ वर्षं खोटा सांगितला जात होता आणि मी ऐकून घेत होतो.

हरिहरेश्वरला एका लॉजवर बाथरूमच्या नळाचा शॉक लागायचा. मालकाने पाटी लावली : 'नळ चप्पल घालून सोडावा.' मी म्हणालो, "मालक, पाटी काढा आणि गिझरही काढा." तो म्हणतो, "गिझर महाग आहे हो. पाटी स्वस्तात झाली!"

माणगावची एक सून फ्रिजच्या हँडलला कायम फडकं गुंडाळायची. सासूला कौतुक, किती टापटीप! मी मीटर लावला. फ्रिजच्या पत्र्यात करंट.

"शॉक लागतो हे बोलली का नाहीस, पोरी?"

"माहेरी फ्रिज नव्हता, काका. मला वाटलं, फ्रिज असाच असतो!"

इथे सगळे हसतात. मी हसत नाही. ते वायरिंग माझंच होतं.

पूर्वी आम्ही अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधायचो. पाइप जमिनीत, करंट जमिनीत. मग जमिनीतले पाइप प्लास्टिकचे झाले, त्यातून करंट जमिनीत जात नाही. युसुफ तेव्हाच म्हणाला, "दामू, तुझी जमीन मी काढून घेतली रे! घरोघर बघून ये."

"तू तुझे नळ बघ," मी म्हणालो. गेलो नाही.

मग एका वाडीत टाकीचा पाइप बदलायचा होता. भर दुपार. वरचा पाइप लोखंडी, जमिनीतला प्लास्टिकचा, माझी जुनी तार तशीच बांधलेली. पंपाच्या मोटरीत ओल गेलेली. मी पाइपला टेस्टर लावला. पेटला नाही.

"करंट नाही. चढ."

युसुफ म्हणाला, "आधी चालू प्लगात घालून बघ ना. टेस्टरच मेला असला तर?"

"चाळीस वर्षं करतोय. मला शिकवू नकोस!"

मेन बंद करायलाही गेलो नाही.

तो चढला. पाइपला पाना लावला आणि शिडीवरून खाली पडला. उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही त्याची. संध्याकाळी मी टेस्टर चालू प्लगात घातला. आतला दिवा गेलेला होता.

हॉस्पिटलात युसुफ सगळ्यांना म्हणाला, "पाय घसरला." मी तिथेच उभा होतो.

आता टेस्टरवर भिस्त नाही. मीटर आधी चालू प्लगात, मग पाइपला, मग पुन्हा प्लगात. आणि मेन बंद झाल्याशिवाय शिडीला कोणी हात लावायचा नाही. पोरं म्हणतात, "काका भित्रे झाले." होऊ दे.

तर त्या वैशाखात नाक्यावर एक नवा ठेकेदार आला. युसुफने डाव्या हाताने ग्लास उचललेला बघून तो म्हणाला, "चाचा, ऐकलंय मी! या वयात शिडी कशाला? पाय कुठे पडतो ते दिसतं का तुम्हाला?"

सगळे हसले. युसुफही हसला.

मी उभा राहिलो. "पाय घसरला नव्हता. पाइपात करंट होता. हा म्हणाला होता, टेस्टर तपास. मी तपासला नाही."

युसुफने पायानेच माझं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी बसलो.