कापूस भरलेली चोळी

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. नागपुरात विणकरांच्या मोहल्ल्यात मी बायांच्या चोळ्या शिवत असे. मोहल्ल्यातलीच एक तरुण विणकरीण दर सणाला खण घेऊन यायची, पण कधी टेकायची नाही. काखेतलं पोर सावरत दारातूनच ओरडायची, "सैल शीव वं बाई, पोराले पिता आलं पाहिजे!" आणि आपणच हसायची.

मध्ये तीन महिने दिसली नाही. मग एका दुपारी सासूचा हात धरून आली. मागे जाऊ, तिच्या कडेवर हिचं पोर.

"माप नव्यानं घे," म्हणत तिनं पदर बाजूला केला. माझ्या हातातली फीत गळून पडली. डावीकडे नुसता लांब व्रण होता. सासू म्हणाली, "कॅन्सरची गाठ होती. डॉक्टरीणबाईनं सारंच काढलं." आता उरलासुरला रोग जाळणारे विजेचे शेक घ्यायला नवरा तिला मुंबईला नेणार होता. पोराला जाऊच पाजत होती.

मी न विचारता डावीकडे कापूस भरून चोळी शिवली, लोकांना कळू नये म्हणून.

न्यायला आल्या तेव्हा तिनं ती अंगात घातली मात्र, पोर जाऊच्या कडेवरून झेपावलं आणि कापसाला तोंड लावून चोखू लागलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काढ वं हे! पोराले काहून फसवून राहिली?"

मी शिवण उसवून कापूस काढला. तिनं पोराचा तळवा त्या सपाट जागेवर ठेवला.

"हे पाह्य, इथं नाही आता. काकीजवळ जाय."