अण्णांचे बारीक टायर

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. आता, तिला माहीत नाही असं आमच्या निगडीच्या घरात काही नसतं — मी डबा तसाच ठेवून कँटीनला वडापाव खाल्ला तरी संध्याकाळी तिला कळतं — पण हे नाही कळलं. कोणालाच नाही. तुम्ही पहिले. आणि का सांगतोय म्हणाल, तर मलाही ते धड सांगता येणार नाही.

एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. मी कुढत बसलेला माणूस नाही. ज्या दिवसाबद्दल बोलायचंय तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस होता. लग्नाचा दिवस धरूनही. आजही आठवला की छाती फुगते. तीच तर खरी भानगड आहे — पण ती पुढे.

मी चाकणच्या एका कंपनीत ॲडमिन खात्यात आहे. आठवडाभर इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र, आणि रविवारी केसांत चिखल. फोर बाय फोर पिकअप घेऊन माळ, ओढे, चिखल तुडवत फिरणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. दसऱ्याला गाड्यांची पूजा होते, आणि त्यानंतरच्या रविवारी आमची स्पर्धा. नियम साधा — चिखलाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं, ज्याला वेळ कमी लागला तो पहिला. मध्ये रुतला तो बाद.

टायर रुंद घालायचे की बारीक, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला फालतू वाटेल. आमच्यात यावरून माणसं एकमेकांच्या घरच्या कार्याला जायची थांबली आहेत! सोपं करून सांगतो. चिखलाला तळच नसेल, तर रुंद टायर. ते चिखलावर पसरतात, गाडीला बुडू देत नाहीत. पण चिखलाखाली कडक जमीन असेल तर बारीक टायर. ते वरचा चिखल कापत खाली उतरतात आणि कडक जमीन धरतात; रुंद टायर तिथे वरच्या वर गरगरत बसतात. म्हणजे खरा प्रश्न टायरचा नाहीच. खाली काय आहे, हा प्रश्न. आणि ते वरून दिसत नाही.

जालिंदरअण्णांच्या पायाला ते कळायचं.

अण्णा मूळचे पुनावळ्याचे. जमिनीला भाव नव्हता तेव्हापासूनचे. मी लातूरकडून नोकरीला आलो तेव्हा त्यांच्याच चाळीत खोली घेतली होती. गाडी चालवायला त्यांनी शिकवली. मोठा आवाज, मोठं पोट, हातात जाड कडं, आणि मन त्याहून मोठं. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात माझ्या आधी ते पोचले होते. आणि मैदानात तर काय — अण्णा बूट काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे, चिखलात अनवाणी हळूहळू चालायचे, आणि बाहेर येऊन सांगायचे कुठले टायर. चुकायचे नाहीत. दरवर्षी जिंकायचे. आम्ही बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी भांडायचो.

मग मला काय सलत होतं? सांगतो. ते मला 'पाव्हणं' म्हणायचे. प्रेमानेच. "या पाव्हणं, बसा पाव्हणं, तुमी काय घेनार?" निगडीत माझा स्वतःचा फ्लॅट झाला, मुलगी इथल्या शाळेत गेली, माझ्या बोलण्यातलं लातूर निम्मं गळून गेलं — तरी मी पाहुणाच. ग्रुपमधल्या पोराटोरांना ते 'ए भावा' म्हणून हाक मारायचे, मला मात्र 'तुमी'. मान असा काही वेळा बोचतो. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा या माणसाच्या पुढे जायचं. मग बघू कोण पाहुणा.

त्या वर्षी स्पर्धेची जागा ठरली तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका खोलगट शेतात. अण्णांच्या मामांचं ते भातखाचर. लहानपणी सुट्टीत अण्णा तिथेच असायचे. बैल पोटापर्यंत रुतायचे, दोराने ओढून काढायला लागायचे — ही कहाणी त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की मला त्या बैलांची नावं पाठ होती. पुढे मामांनी जमीन विकली. आणि विकलेल्या जमिनीकडे परत बघू नये, असं अण्णांच्या घरात मानतात. दिलेल्या लेकीच्या सासरी न बोलावता जाण्यासारखं ते. अण्णा तिकडे कधी फिरकले नाहीत.

मी फिरकलो होतो.

आमच्या कंपनीच्या नव्या इमारतीचा पाया खणला तेव्हा निघालेला मुरूम कुठे टाकायचा, हे बघायचं काम माझ्याकडे होतं. तो मुरूम त्याच खाचरात गेला. नव्या मालकाला फार्महाऊस बांधायचं होतं. डंपर मी पाठवले, रोलर फिरताना मी बांधावर उभा राहून पाहिला. मुरूम सिमेंटसारखा बसला होता. वरून मालकाने बागेसाठी तळ्यातला गाळ पसरला, मग त्याचं बांधकाम रखडलं, आणि पावसाने गाळाचा झाला चिखल. म्हणजे वर लोणी आणि खाली फरशी. हे ग्रुपमध्ये एकालाच ठाऊक होतं. कोणाला, ते तुम्हाला कळलंच असेल.

आता — आता नीट सांगायला हवं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णा पहिल्यांदा त्या शेतात उतरले. मी बांधावर. ते नेहमीपेक्षा जास्त वेळ चालले. मध्येच थांबले, टाच दाबून पाहिली, परत दाबली. बाहेर आले ते गोंधळलेले. "पाव्हणं, खाली कडक लागतंय, राव. कसं काय?" पायाने त्यांना अगदी बरोबर सांगितलं होतं. आणि बैलांची आठवण असूनही त्यांनी तर सकाळीच, नुसतं बांधावरून बघून, पिकअपला बारीक टायर चढवून ठेवले होते!

मला काय करायचं होतं? काहीच नाही. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. दोघंही बारीक टायरवर गेलो असतो आणि ते जिंकले असते, नेहमीसारखे.

मी म्हणालो, "अण्णा, मामांचं खाचर ना हे? बैल रुतायचे ते?"

एवढंच. मग थोडं अजून. पाऊस लांबल्याने चिखलाखाली एक पातळ थर धरला असेल, म्हणालो. गाडीच्या वजनाने फुटला की खाली तळ नाही, म्हणालो. त्या थरावर माणूस उभा राहतो हो, पिकअप राहील का? त्यांचेच बैल मी त्यांच्या अंगावर सोडले. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं — पाय एक सांगतोय आणि लहानपण दुसरं. लहानपण जिंकलं. कोणाचंही जिंकेल.

पुनावळ्यात त्यांच्या शेडमध्ये संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून टायर बदलले. हो, मीसुद्धा. जॅक मी लावला. एकेक नट मी माझ्या हाताने आवळला, रुंद टायरचा, चारी चाकांचा. अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते, घाम पुसत, आणि मला म्हणाले, "तुमचं काय? तुमी बारीकवर जानार व्हय? आवो, रुताल की! माझं जुनं रुंद टायर हाय की कोपऱ्यात. घिऊन जा. आमाला काय एकट्यालाच जिंकायचं न्हाई."

मी म्हणालो, राहू द्या अण्णा, तुमच्या पुढे मी असाही रुतणारच.

ते हसले. पाठीवर थाप मारली. वहिनींनी चहा आणला, तो मी प्यालो. गोड होता, चांगला होता. आणखी अर्धा कप मागून घेतला. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी पहिला मान अण्णांचा. लाल पिकअप शेतात घुसली, दोन-चार गाड्यांच्या लांबीएवढी छान गेली, आणि मग चाकं गरगरायला लागली. बुडत नव्हती. बुडायला तिथे जागाच नव्हती. नुसती वर घसरत होती. मागचा भाग एकीकडे, पुढचा दुसरीकडे. अण्णांनी स्टेअरिंग या अंगाला फिरवलं, त्या अंगाला फिरवलं, शेवटी गाडी आडवी होऊन थांबली. अण्णांना ट्रॅक्टरने ओढून काढताना आमच्यापैकी कोणीच कधी पाहिलं नव्हतं.

मग मी. राव, काय सांगू तुम्हाला! गाडी चिखलात शिरली, अर्धी चाकं आत गेली, लोकांनी 'गेला, गेला' म्हणून ओरडा केला — आणि खाली मुरमाला टायर लागल्याचा एक हादरा माझ्या कमरेपर्यंत आला. धरलं! मग मी थांबलोच नाही. काचेवर चिखल, तोंडात चिखल, इंजिन बोंबलतंय आणि मीही बोंबलतोय. पलीकडच्या बांधावर गाडी चढली तेव्हा मी दार उघडून बोनेटवर उभा राहिलो. चाळिशी उलटलेला माणूस! बायको हसून हसून रडत होती. मुलगी शिट्ट्या मारत होती. बाकीचे सगळे अण्णांचं ऐकून रुंदवरच होते; मी जिंकलो होतो, आणि अण्णांच्या पुढे जाऊन जिंकलो होतो.

सगळ्यात आधी माझ्याकडे धावत आले ते अण्णाच. चिखलाने माखलेले. मला खाली ओढलं, मिठीत घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "आरं, तू तर लई भारी निघालास! आपला गडी हाय ह्यो!"

तू. आपला. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून 'पाव्हणं' आलं नाही. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. काही कमी पडलं नाही.

त्यांना मात्र खाली काय होतं, ते आजही माहीत नाही. तो धरलेला थर माझ्या गाडीखाली फुटला नाही, मी बारीक टायरवर नशिबाने आणि हिमतीने निघालो, असं ते सगळ्यांना कौतुकाने सांगतात. आणि थर कुठला, तळ कुठला यात आपल्या पायाने आपल्याला फसवलं असं त्यांना वाटतं. उलटं झालं होतं — पाय खरं बोलला होता, मी खोटं. पण ते कोण सांगणार? त्यानंतर अण्णांनी मैदानात बूट काढले नाहीत. काठावर उभे राहतात आणि मला विचारतात. पोरं त्यांना विचारायचं सोडून माझ्याकडे येतात, कुठले टायर घालू म्हणून, आणि मी ऐटीत सांगतो. मला टायरमधलं फार काही कळत नाही. मला एकदा एका शेताचं कळलं होतं.

मागच्या दसऱ्यानंतरची स्पर्धा. जागा नवीन होती, कोणालाच माहीत नव्हती. अण्णांनी आल्या आल्या दुरून चिखल पाहिला आणि पुटपुटले, "मला आपलं बारीक वाटतंय." लगेच माझ्याकडे वळले. "पन तू सांग. माझं काय खरं न्हाई."

मी चिखलात काठी खुपसल्यासारखं केलं. जरा वेळ खाल्ला. मग म्हणालो, "बारीक टाका."

ते बारीकवर गेले आणि जिंकले. इतक्या वर्षांनी. मैदान नुसतं दणाणून गेलं. झेंडूचा हार त्यांच्या गळ्यात पडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणीतरी माईक दिला. त्यांनी मला बोलावून शेजारी उभं केलं, हार काढून माझ्या गळ्यात घालायला धरला आणि माईकवर म्हणाले, "ह्यो जिंकला. आमी फकस्त ष्टेरिंग धरलं."

माईक माझ्या तोंडासमोर होता. सगळा ग्रुप होता, वहिनी होत्या, माझी बायको होती. दोन वाक्यांचं काम होतं. तुमचा पाय खरा होता, अण्णा. आणि आजची नजरही तुमचीच.

मी मान वाकवली, हार नीट बसावा म्हणून. टाळ्या पडत होत्या. मी हात वर केला, आणि मला फार, फार बरं वाटलं.