पेढे वाटून झाल्यावर

यांना लॉटरी लागली हे मला शेजारणीकडून कळलं, तेही तिनं माझ्या तोंडात पेढा कोंबल्यावर.

हे तेव्हा नव्या जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात होते. तिथल्या कॉम्प्युटरवर यांना नुकताच ईमेलचा पत्ता मिळाला होता आणि त्यावर परदेशातून अभिनंदनाचा निरोप आला होता. यांनी सुटल्याबरोबर पेढे घेतले आणि जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडापासूनच वाटत आले. आमच्याकडे चांगली बातमी पेढ्याशिवाय खरी होत नाही. पेढा खाल्ल्यावर ती खोटी करता येत नाही, हे मला नंतर समजलं.

घर माणसांनी भरलं. समोरचे काका खुर्चीवर मांडी घालून म्हणाले, "वहिनी, आता आमाला वळखता का न्हाई?"

"आधी चहा घ्या," मी म्हणाले, "मंग ठरवते."

सगळे गेल्यावर यांनी छापून आणलेला कागद काढला. मला कोणताही कागद खालून वर वाचायची सवय आहे. मिळणार ते वर लिहितात, द्यायचं ते खाली. तळाशी होतंच: बक्षीस सोडवण्यासाठी आधी खर्चाची रक्कम पाठवा, लवकर पाठवा, कोणाला सांगू नका.

"तिकीट कधी काढलं होतं?"

"काढावं लागत न्हाई. कॉम्प्युटर निवडतो."

"आणि कोणाला सांगू नका लिहिलंय ते?"

"ते तिकडच्यांसाठी. आपल्यात सांगावंच लागतं."

पाठवायची रक्कम जवळजवळ आमच्या मुदत ठेवीएवढी होती. ती ठेव लेकीच्या कॉलेजसाठी होती. पावती दोघांच्या नावावर, मोडायला दोघांच्या सह्या. हे रोज बँकेचा अर्ज माझ्या पोळपाटाशेजारी ठेवत, मी तो रोज उचलून फ्रिजवर ठेवी. दाराबाहेर पडले की किराणावाला विचारी, "झाली का सही?" यांनी तेही सांगून टाकलं होतं! देवळाच्या कळसासाठी वर्गणी मागायला मंडळी आली. मी भाजी घ्यायला सुद्धा मागच्या बोळातून जाऊ लागले.

माझं माहेर बदनापूरकडचं. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ज्वारी घालायचे. आडत्या माल विकून हमाली, तोलाई हिशेबाच्या पट्टीतून कापून उरलेले पैसे हातात ठेवायचा. एका सकाळी मी यांना म्हटलं, "माल विकायच्या आधी हमाली मागणारा आडत्या पाहिलाय का कुठं? त्यांना लिहा, खर्च बक्षिसातून कापून घ्या आणि बाकीचे पाठवा."

यांनी लिहिलं. उत्तर आलं. त्यात कापण्याबद्दल अक्षर नव्हतं. तीच घाई, आणि शेवटची संधी असल्याची धमकी. एवढी रास द्यायला निघालेल्याला तिच्यातली मूठभर कापता येईना.

यांनी उत्तराचा कागद घडी करून ओट्यावर ठेवला.

"खोटं हाय," म्हणाले. "मला वाटून राह्यलं होतं."

"मग रोज अर्ज कशाला ठेवत होता?"

"लोकांनी पेढे खाल्लेत गं. पैसे भरले तर बुडाले म्हणून सांगता येईल. न भरता काय सांगू? फसलो म्हणून?"

तेव्हा मला खरी भीती वाटली. निरोप पाठवणाऱ्यापासून ठेव वाचली होती. आता गल्लीपासून वाचवायची होती. मी अर्ज उभा फाडला, पाठकोऱ्या बाजूला दूध, रॉकेल, साबण अशी यादी लिहिली आणि म्हणाले, "सांगा, बायकोनं सही दिली न्हाई."

यांनी तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून हे ताठ मानेनं पुढच्या दारानं जाऊ लागले. मागचा बोळ माझ्याकडेच राहिला.

लेक शिकली, नोकरीला लागली. अजूनही हळदीकुंकवाला कोणीतरी माझ्या हातावर अत्तर लावताना म्हणतंच, "तुम्ही तेव्हा सही केली असती तर..."

मी हात पुढे धरते. "हो ना," म्हणते.