बसू का जाऊ?

दादाराव आधी आडनाव सांगायचे, मग नाव. कुणाच्याही दारात गेले की चपला काढायच्या आधीच म्हणायचे, "कांबळे. बौद्ध. आता सांगा, बसू का जाऊ?" आणि हसायचे. समोरचा ओशाळून "अहो, बसा बसा" म्हणे. चहा कुठल्या कपातून येतो, ते मात्र दादाराव हळूच बघून घेत. ही सवय त्यांना कशी लागली ते मला ठाऊक होतं, म्हणूनच ती मला सोसायची नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्हा दोघांची नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली. ते देगलूरकडचे, मी नांदेडातला; दोघंही कारकून. बदलून आलेली माणसं गावभर खोल्या शोधत फिरत होती. आम्ही दोघांत एक घ्यायची असं ठरवलं. एक सापडली, चांगली ऐसपैस, पुढे अंगण. दादाराव त्या दिवशी कामात अडकले होते, म्हणून मी एकटाच बघायला गेलो. घरमालकानं माझं आडनाव विचारून मान डोलावली. मग म्हणाला, "आन् दुसरे कोन?" मी सांगितलं. आडनावावरून जात कळली. "मग तुमी एकटेच ऱ्हावा," तो म्हणाला. मी एकटाच राहिलो. दुसरी बघू, एवढं म्हणायला काय जात होतं? पण तेवढंही मी म्हणालो नाही.

दादारावांना मी थाप मारली, की खोली एकापुरतीच आहे. ते "हाव का" एवढंच बोलले आणि पुढचे सहा महिने कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या बस्त्यांच्या धुळीत झोपले. पुढे त्यांनी बायको-मुलाला आणलं, घर बांधलं; मीही बांधलं. आमचं बोलणंचालणं कधी थांबलं नाही. फक्त त्या खोलीवर पहिल्यांदा आले तेव्हा उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "कांबळे. बौद्ध. बसू का जाऊ?" ते वाक्य मी तिथं पहिल्यांदा ऐकलं.

वर्षं गेली. दोघंही निवृत्त झालो, दोघांच्याही बायका गेल्या. माझी मुलं पुण्यात, त्यांचा मुलगा व्हिएन्नात. लातूरला पाणी रेल्वेनं आलं त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं सकाळी टँकरच्या रांगेत घागरी लावून गप्पा मारत बसायचो. खरं सांगतो, त्या रांगेत मला बरं वाटायचं. घरी बोलायला भिंतीच होत्या. मग मुलानं दादारावांना बोलावून घेतलं आणि मी घागरींपाशी एकटाच बसू लागलो.

चार महिन्यांनी ते परत आले. जो तो विचारी, राजवाडे पाहिले का, ट्राममध्ये बसलात का. सगळं झालं होतं, पण सांगायचे एका म्हातारीचं. मुलाचं घर एका खोलीचं, म्हणून त्याच इमारतीत एका बाईंकडे यांच्यासाठी खोली बघितली होती. माझ्याकडे चहाला आले, तेव्हा मलाही तेच सांगू लागले.

"दारात हुबा ऱ्हाऊन सवयीनं म्हनलं, कांबळे. म्हातारी पोराला काहीतरी बोलली. म्या म्हनलं, झालं. तर पोरगं म्हनतंय, ती इचारून राहिली, सकाळी किती वाजता उठता?"

"बस, एवढंच?"

"एवढंच. सातला तिला स्वयंपाकघर लागतं." ते हसले. "नळाला दिसभर पानी, तरी मी रोज बादली भरून ठेवायचो. म्हातारी रोज रिकामी करायची. आवडतं शहर कोन्तं म्हनाल, तर माझं तेच."

"करमतं का पण तिथं?"

"न्हाई. लई एकटं वाटतं. दिस दिस कुनी बोलत न्हाई. पन तिथं समदेच एकटे हायेत, गोविंदराव. हितं मी एकटाच एकटा होतो."

घर विकायला आलोय, हे त्यांनी त्यानंतर सांगितलं. मी लगेच म्हणालो, "विका, पण जाऊ नका. माझी वरची खोली रिकामी आहे. या राहायला." बोललो आणि लाजेनं मान खाली गेली. दादाराव हातातल्या कपाकडे बघत राहिले.

"ती खोली दोघांची होती, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "तुमी तवा मालकाला न्हाई म्हनला असता, तर दोघं मिळून रेकॉर्ड रूमात झोपलो असतो." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घर विकून ते परत व्हिएन्नाला गेले. दोन हिवाळे फोन येत राहिला, मग एकदा मुलाचा आला. दादाराव तिकडंच वारले. म्हातारीनं त्यांची बादली अजून भरून ठेवलीय, असं तो म्हणाला.

मागच्या महिन्यात वरची खोली बघायला एक नर्सबाई आल्या, उदगीरहून बदलून आलेल्या. दारातच थांबल्या. सत्तरी ओलांडली तरी आडनावाचा प्रश्न माझ्या ओठांवर आलाच. मी तो गिळला आणि विचारलं, "सकाळी किती वाजता उठता?"

"साडेपाचला. का हो, काका?"

"काही नाही. बसा," म्हणालो आणि चहा टाकायला आत गेलो. फळीवरून दोन सारखे कप काढले आणि मला रडू आवरेना.